निजामची कडुलिंबाखालची जागा

प्रति,
मेहेरबान नायब तहसीलदार साहेब,
मुक्काम नांदुरा, जिल्हा बुलढाणा (वऱ्हाड)

विषय : मौजे पिंपळडोह येथील आठवडी बाजारात कान साफ करणाऱ्या निजामवर घातलेली बंदी उठवणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचीच तक्रार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची.

महोदय,

अर्जदार हिंमतराव, मौजे मजकूरचा पाटील, याने सदर तक्रार केली तेव्हा त्याचा फायदा सरळ होता. पाटीलकी राहत होती, अब्रू राहत होती आणि भाऊबंद किसनरावांच्या ओट्यावर हसू होत नव्हते. खर्ची पडत होता तो एक निजाम. हिशेब त्या वेळी बरा वाटला.

१. आमचे गावी पोळा फुटतो तो उखळीच्या बारावर. लोखंडी उखळीत बारूद ठासून वात लावण्याचा मान पाटलाच्या घराचा. गेल्या साली बार फुसका गेला. तेव्हा किसनरावांनी चारचौघांत विचारले, "पाटील, बार झाला का तुमी शिंकले?" म्हणून यंदा आदल्या दिवशी अर्जदाराने आपल्या शेतात एकट्याने, दुप्पट बारूद भरून चाचणी घेतली. परवान्याची मुदत संपलेली होती. विनापरवाना बारुदीची वर्दी सरकारास देणे हे काम अर्जदाराचेच आहे, हेही नमूद करतो. वात विझलीसे वाटले. आत चरचरते की काय, हे ऐकण्यासाठी अर्जदाराने डावा कान पुढे केला. चरचरत होती.

२. मिशीचा डावा आकडा जळाला. तो नवसाला दिल्याचे घरी सांगितले. आवाज कोणाच्या तरी विहिरीच्या सुरुंगाचा, असे गावाने आपणच ठरवले. कानातून मात्र रक्त येत होते, त्याला कारण हवे होते. त्याच आठवड्यात अर्जदाराने निजामकडून कान कोरून घेतल्याचे साऱ्या बाजाराने पाहिले होते. तेवढे पुरले. निजाम बोलावल्यावाचून घरी आला, उजेडाकडे धरून कान पाहिला आणि हळूच म्हणाला, "पाटील, आत काजळी हाये. माह्या सळईले काजळी नसते." हे तो बाहेर कोठेही बोलला नाही. अर्जदार बोलला, की निजामच्या सळईनेच कान फुटला, आणि साहेबांनी पाटलाच्या शब्दावर विश्वास ठेवला.

३. दवाखान्याच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचे सांगून पाणी व जोराने नाक शिंकरणे वर्ज्य केले. दोन-सव्वादोन महिन्यांत पडदा धरला. ऐकू येते. परंतु आत एक बारीक शिटी अखंड वाजते, तिला सवय हेच औषध म्हणतात. अर्जदाराने आधी तो रातकिडा समजून कोतवालाकडून चावडीची भिंत तीन हात खणवली. किडा निघाला नाही. भिंतीच्या दुरुस्तीचा अर्ज वेगळा करीत आहे. कुटुंब वच्छलाबाई म्हणते, "वाजते तं वाजू द्या. तुमाले दुसऱ्याचं आइकाची सवय कधी होती?"

४. निजाम आता जळगाव जामोदच्या बाजारापर्यंत पायी जातो. तेथेही लोक म्हणतात, "पाटलाचा कान फोडला तो हाच ना बे?" आणि कोणी कान देत नाही. त्याची बायको नूरबी किसनरावांच्या शेतात कापूस वेचते. मागल्या बाजारी तो वाटेत भेटला. म्हणाला, "थंडी हाये पाटील, कानात बोळा ठेवत जा." अर्जदाराने न ऐकल्यासारखे केले. ऐकले होते, आणि त्याच कानाने.

५. चूक आपली असल्याची दवंडी देववण्यास अर्जदाराने कोतवालास तीनदा बोलावले. तिन्ही वेळा त्याने विचारले, "काय म्हनू, पाटील?" आणि तिन्ही वेळा अर्जदाराने कोंडवाड्यातील गुरांची दवंडी देवविली. गुरे एकदाही कोंडलेली नव्हती. आपल्या तोंडून ते निघत नाही, सबब विनंती की, साहेबांच्या हुकुमाने, अर्जदाराचे नाव घेऊन, भरल्या बाजारात दवंडी व्हावी आणि निजामला तेथील कडुलिंबाखालची जागा परत मिळावी. मुदत संपलेला परवाना व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली आहे. त्यावरून पाटीलकीचे जे व्हायचे ते होवो.

उखळी अर्जदाराची, बारूद अर्जदाराची, खोटे अर्जदाराचे. कान भरून आला, मिशीही आली. तेरा बाजार बुडाले ते निजामचे.

मान खाली घालून सही करणारा,
हिंमतराव, पाटील, मौजे पिंपळडोह
तारीख १४ डिसेंबर १९३१