सृष्टीच्या डोळ्याचा कागद

कापूरहोळ,
१२ जानेवारी २०२५

ती. अक्का,
धाकट्या हनुमंताचा वाकून नमस्कार, वि. वि.

सोबत एका कागदाची झेरॉक्स आहे. त्याची खरी किंमत आधी सांगतो. पुण्याच्या तीन फेऱ्या, दीड दिवस बंद गॅरेज, सृष्टीनं चावलेला माझा अंगठा आणि सूनबाईचा चार दिवसांचा अबोला. छपाई तेवढी फुकट झाली.

आपल्या बंडूची सृष्टी पाच वर्षांची झाली तरी हाकेला वळत नाही, बोलते ते चार शब्द, आणि जुनं चाक फिरवत तासन्‌तास बसते, हे तुला मागं लिहिलंच होतं. भोरला अशा मुलांना तपासणाऱ्या एक बाई आहेत, तिकडं नेऊ, असं सूनबाईचं, स्नेहलचं चाललं होतं. स्वमग्नता असेल तर जितकं लवकर शिकवायला लागू तितकं बरं, असं ती म्हणायची. तो शब्द मी घरात उच्चारू दिला नाही.

मग गाडी दुरुस्तीला आलेल्या एका डोळ्याच्या डॉक्टरांकडून कळलं, की पुण्यात एक शोधकाम चाललंय. डोळ्यावर उजेडाची चमक मारतात. त्यासरशी डोळ्याच्या आतला पडदा जी बारीकशी वीज सोडतो, ती पापणीखाली चिकटवलेल्या पट्टीतून मोजतात. तो पडदा म्हणजे मेंदूचाच भाग म्हणे, म्हणून स्वमग्न मुलांची लाट निराळी येते का ते बघतात. अक्का, हे मला लगेच पटलं. बॅटरी उतरली का हे आपण गिऱ्हाइकाला विचारत न्हाई, मीटर लावतो.

सृष्टी बिचकू नये म्हणून आधी मी पट्टी लावून बसलो, मग तिला बसवलं. मुलांचे कागद घरी देत नाहीत असं तिथली पोरगी म्हणाली, पण मीही हलेना. शेवटी हसत हसत तिनं एक काढून दिला. लाट कशी आहे विचारलं, तर एकदम नॉर्मल म्हणाली. डॉक्टर मात्र म्हणाले, की हे अजून शोधकाम आहे, एकट्या पोराचं निदान यावरून होत नाही. मोठी माणसं हात राखूनच बोलतात.

तेव्हापासून कागद खिशात आहे. फाट्यावरच्या चहावाल्यापासून पंक्चरवाल्यापर्यंत सगळ्यांनी बघितला. मामा, तो कागद... एवढं म्हणत स्नेहल पुढं आली होती, मी हात वर करून तिला थांबवलं. भोरचा विषय संपला. वळणावर एसटी दिसायच्या आत तिचं कुठलं बेअरिंग गेलंय ते मी ऐकून सांगतो. या घरातून माझ्या कानावर न येता कुणी उंबरा ओलांडत न्हाई.

लोभ आहेच, सोबत घरचा आंबेमोहोर पाठवलास तर तो लई वाढेल.
तुझा हनुमंत


वाडी, ता. वेल्हे,
२० जानेवारी

चि. हनुमंता,
आशीर्वाद आहेत, या खेपेला त्यात थोडा राग कालवला आहे.

तांदूळ पाठवते. फोन लावायला टेकाड चढावं लागतं आणि गुडघे नको म्हणतात, म्हणून लिहूनच सांगते. सावकाश वाच.

तुला आठवतं का, गेनबानानांची पिठाची गिरणी? तू चार वर्षांचा असल्यापासून तिच्या पट्ट्यासमोर बसायचास. अंगावर पीठ साचून भुवया पांढऱ्या व्हायच्या. आई ओढ्यापासून हाका मारून थकायची, तू मान वळवायचा नाहीस. मी येऊन तुझ्या खांद्यावर हात ठेवायची, तोही समोरून, मागून ठेवला तर किंचाळायचास. पोरं तुला येडा म्हणायची. तू तेरा वर्षांचा झालास तेव्हा नानांनी तुझ्या हातात पाना दिला आणि तुझं नशीब उघडलं. आता तू ते हसत सांगतोस. पण त्याआधीची नऊ वर्षं तू एकटा होतास, हन्या. ती मी पाहिली आहेत. तुला काय होतं ते मला ठाऊक नाही, कुणी विचारलंच नाही. पुढं वीस वर्षं बालवाडी चालवली, तेव्हा तुझ्यासारखं पोर दिसलं की मी आधी समोर जाऊन बसायची.

आता कागदाचं. इंग्रजी मला वाचता येत नाही, आकडे येतात. चष्मा पुसून वरचा कोपरा बघितला. तिथं त्रेसष्ट लिहिलं आहे, ते वयच असणार. सृष्टी पाच वर्षांची. त्या खोलीत त्रेसष्टचा तूच होतास ना? बाळा, हा तुझ्या डोळ्याचा कागद आहे.

स्नेहल तेच सांगायला आली असणार. पोरीला भोरला ने. नऊ वर्षं थांबू नकोस.

तब्येतीला जप, आणि सुनेचं बोलणं पुरतं ऐकत जा.
तुझी मंगलअक्का


कापूरहोळ,
३१ जानेवारी

ती. अक्का,
नमस्कार, वि. वि. या वेळी जरा जास्तच वाकून.

पत्र वाचलं आणि दुकानात, जॅकवर चढवलेल्या जीपखालीच कागद उघडला. त्रेसष्टच. सगळ्या फाट्यानं माझ्या डोळ्याचं कौतुक केलं होतं. चहावाल्यानं तर पेढे मागितले होते.

संध्याकाळी स्नेहलला म्हटलं, उद्या भोरला जाऊ. तिनं मान हलवली. गुरुवारचा माझा पुण्याला जाऊन स्पेअर पार्ट आणायचा दिवस, तो मोडला. पोरगी नव्या जागी रडारड करील म्हणून धास्ती होती. पण तिनं चपला काढल्या, कोपऱ्यातल्या चटईवर जाऊन बसली आणि रंगीत चकत्यांचा डबा आपण होऊन ओढून घेतला. जागा चांगली असली की लेकरांना कळतं, असं मी बाईंना म्हटलं. बाई हसल्या.

त्यांनी तार लावली न्हाई, मीटर लावला न्हाई. दोन तास तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. मग मला नीट सांगितलं. स्वमग्नता आहे, अक्का. मीही तो शब्द तोंडानं म्हणून बघितला. निघताना सृष्टीनं एक चकती माझ्या हातावर ठेवली आणि वर बघितलं. गिरणीचं पीठ आठवलं गं.

माया अशीच असू दे, तुझ्या रागासकट.
तुझा हनुमंत

ता. क. येताना बाईंनी दिलेली सृष्टीची फाईल चाळली, आत तारखा आणि एसटीची तिकिटं. स्नेहल पोरीला घेऊन दिवाळीपासून दर गुरुवारी साडेदहाच्या एसटीनं भोरला जाते आहे.