ज्याला कोंबड्या, त्याला थर्मास

लिहून ठेवणार : डॉ. विशाखा केरबा सोनकांबळे, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त प्राध्यापक (पशुवैद्यकीय), राहणार मौजे बोरसुंडी, तालुका उदगीर, जिल्हा लातूर.

मृत्युपत्र लिहून ठेवण्याचे कारण असे की, माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, असे लातूरच्या डॉक्टरांनी सांगितले आहे. डोके मात्र ठिकाणावर असल्याचा दाखला त्यांनीच दिला असून तो सोबत जोडला आहे. माझी थोरली जाऊ नागुबाई हिला तो दाखला मान्य नाही. तरीही पुढील मजकूर मी कोणाच्या धाकाने किंवा भिडेने लिहीत नाही, आणि यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

१. उदगीर येथील घर मी व माझे दिवंगत पती केरबा गुरुजी यांनी दोघांच्या पगारातून बांधले. ते, तसेच बँकेत जे काही शिल्लक असेल ते, माझी मुलगी बुद्धप्रिया हिला मिळावे. अंगणातला कडुलिंब तोडू नये. मोटारीला जागा कमी पडत असेल तर मोटार लहान घ्यावी. ती पुण्याहून फोनवर रोज माझ्या गोळ्या विचारते, त्याबद्दल तिच्यावर माझा फार जीव आहे. हे तोंडाने कधी बोलले नाही, म्हणून इथे लिहिले.

२. डुकरांच्या कामाचे सामान. मी नोकरीला लागले त्या साली आमच्या विभागाकडे डुकरांच्या तापावरचे संशोधन आले. टेबलाभोवती जो तो फाइल पुढे सरकवत गेला आणि ती माझ्यासमोर येऊन थांबली. माझ्याचसमोर का, हे कोणी सांगितले नाही. आमच्या वस्तीतून शिकून गेलेल्या माणसाला अशी कारणे न सांगता कळतात. कित्येक वर्षे त्याचा मला राग होता. मग डुकरांचाच लळा लागला. त्या काळी या तापावरची लस सशांच्या अंगात वाढवत, आणि ती कधीच पुरत नसे. ती काचेच्या बाटलीत, पेशींवर वाढवण्याच्या कामात माझाही हात लागला, याचे समाधान आहे. थोबाडात अडकवायचा दोरीचा फास, सुयांचा डबा आणि सगळी पुस्तके माझा विद्यार्थी डॉ. सुगत याला द्यावीत. तो ते काम आपखुशीने मागून करतो आहे.

माझे गमबूट मात्र माझे सहकारी डॉ. राजशेखर यांना पोहोचते करावेत. डुकरांवरच्या आमच्या निबंधावर पहिले नाव त्यांचे आहे, पण शेडमध्ये त्यांचे पाऊल कधी पडले नाही. बूट त्यांच्या मापाचे नाहीत. ते वापरायचे नसल्यामुळे अडचण येऊ नये.

३. कोंबड्या. मी जाईन तेव्हा असतील तेवढ्या सगळ्या, डालग्यांसह. त्यांच्यासोबत लस गार ठेवायचा बर्फाचा थर्मास व थेंबाची बाटली. यांची वाटणी करू नये. ज्याला कोंबड्या, त्याला थर्मास. त्या व्यक्तीने ठरल्या वेळी दर कोंबडीच्या डोळ्यात लसीचा एक थेंब टाकावा, आणि शेजारपाजारच्यांनी म्हटले तर त्यांच्याही कोंबड्यांना टाकावा.

हे कलम लांबते आहे, त्याला कारण आहे. रानीखेत रोगाला आपण मानमोडी म्हणतो. कोंबडीची मान वळते आणि दोन दिवसांत डालगे रिकामे होते. बायकांच्या हातात मीठमिरचीचा पैसा असतो तो कोंबड्यांचा, म्हणून मी आयुष्यभर या रोगामागे लागले. पहिला प्रयोग आपल्याच गावात केला. माझे थोरले दीर नरसिंगराव, म्हणजे नागुबाईचे यजमान, तेव्हा सरपंच होते. राखीव जागेवरून निवडून आलेले आमच्या वस्तीतले ते पहिलेच, आणि त्यांच्या चुकीवर बोट ठेवायला निम्मे गाव टपलेले होते. कॉलेजची जीप आली. हौदाच्या पाण्यात दुधाची भुकटी आणि लस कालवून घरोघर दिली. पंधरवड्यात मानमोडी आली आणि ते पाणी प्यायलेल्या सगळ्या कोंबड्या गेल्या. औषधानेच मारल्या, असे गाव म्हणाले. नागुबाई सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

लस चांगली होती. उरलेली बाटली मी तपासली होती. दोष पाण्यात होता. तो कसा आला हेही मला त्याच आठवड्यात कळले. ज्यांच्या हातून झाले त्यांनी ते मायेपोटी केले होते आणि ते आता हयात नाहीत. म्हणून तेव्हा बोलले नाही, आताही लिहीत नाही. दुसऱ्या गावांत मी नंतर पाण्यातूनही लस दिली आणि हजारो डोळ्यांत थेंबही टाकले. बोरसुंडीत आजही माझ्या कोंबड्यांखेरीज कोणी टाकून घेत नाही. भिंतीपलीकडे नागुबाईच्या कोंबड्या दर उन्हाळ्याला मरतात आणि ती नव्या घेते. माझ्यामागे इथे थेंब टाकणारे कोणी उरणार नाही, एवढ्या एकाच गोष्टीचा मला घोर आहे.

या कोंबड्या नागुबाईला द्याव्यात अशी माझी इच्छा होती. परंतु वकील साहेब म्हणाले, ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये. दोन्हींपैकी एक निवड, असे मी तिला सांगितले. साक्ष देते, पण कोंबड्यांचे नाव काढू नकोस, असे तिचे उत्तर आले. सबब कोंबड्या व थर्मास सुगतने उदगीरला न्यावेत.

भर, सहीपूर्वी स्वहस्ते. वरील मजकूर वकिलांनी ओसरीवर मोठ्याने वाचून दाखवला. नागुबाई साक्षीसाठी पेन उघडून बसली होती. तिसरे कलम संपल्यावर तिने पेन खाली ठेवले आणि सर्वांसमक्ष म्हणाली, "पावडर ह्यांनी टाकली हौदात. पाव्हणे येणार, पानी सोच्छ पायजे म्हनून. डबा म्या धरला होता. लिव्ह."

पावडर म्हणजे टीसीएल, ज्याने पाण्यातले जंतू मरतात आणि जिवंत लसही मरते. तुला हे केव्हा कळले, असे मी विचारले.

"तू कुटंबी गेलीस की आदी तेच इचारायचीस, पान्यात टीसीएल तर न्हाई ना. तवाच समजलं. तू बोलली न्हाईस, म्हनून म्या बी बोलले न्हाई."

आम्ही दोघी एकाच माणसाला इतकी वर्षे सांभाळत होतो, हे मला आज समजले. मला रडू आले, हेही नोंदवते. कलम तीनमधील शेवटचे वाक्य रद्द समजावे. कोंबड्या, डालगी, थर्मास व बाटली नागुबाईला मिळावीत. तुला थेंब टाकता येत नाही म्हणून अडू नये, असे मी म्हणाले. त्यावर तिचे म्हणणे, "मराया टाईम हाय तुला अजून. आदी शिकव."

ठिकाण : मौजे बोरसुंडी. दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५.

लिहून ठेवणार : विशाखा केरबा सोनकांबळे (सही)

साक्षीदार एक : मलप्पा शिवलिंग बिरादार, शेजारी (सही)

साक्षीदार दोन : वैजनाथ भुजंग मुंडकर, वकिलांचे कारकून (सही). या जागी आधी टाइप केलेले 'नागुबाई नरसिंग सोनकांबळे' हे नाव खोडले आहे, कारण कोंबड्या तिला आहेत. खोडले ते बरोबर. वि. के. सो.