देव्हाऱ्याच्या झिणझिण्या

बसवनगुडी, बेंगळूर
ता. ४ ऑगस्ट १९५८

चि. सौ. गोदूस अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. सातवा महिना लागला म्हणतेस, मग पाण्याचे हंडे उचलणे बंद कर. गेल्या खेपेला काय झाले ते विसरू नकोस.

इकडची बातमी म्हणजे तुझा भाऊ वायरमन झाला! देव्हाऱ्याच्या पितळी कमानीत मी स्वतः विजेचा दिवा बसवला. तुझी वहिनी तोंडाला पदर लावून हसत होती, दिवा लागल्यावर हात जोडून उभी राहिली. अडचण एकच आली. वायरीच्या जोडावर गुंडाळायची काळी चिकट पट्टी आईने देवघरात येऊच दिली नाही. ती कशापासून करतात कोण जाणे, मडीला चालायची नाही, सोवळे बाटेल, असे तिचे म्हणणे. मग मी आबांच्या जुन्या मुकट्याची रेशमी चिंधी गुंडाळली. रेशमातून वीज जात नाही, एवढे शाळेत शिकलो आहे.

आता गोंधळ ऐक. आई पहाटे ओलेत्याने देवघर धुते, देव्हारा पुसते, तेव्हा तिच्या हाताला झिणझिण्या येतात. देव जागा झाला असे ती म्हणते. मागून मी पूजेला बसतो, तर मला काहीच होत नाही. शेजारच्या ठकुबाई रोज उंबऱ्याबाहेरून नमस्कार करून जातात. वाताचा विकार असेल म्हणून डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या, त्या आईने तुळशीत पुरल्या. मला तर काही उमगत नाही.

यजमानांस नमस्कार. आमच्यावर राग धरलास तरी लोभ सोडू नकोस.

तुझा
अण्णा


विजापूर
ता. ११ ऑगस्ट १९५८

ती. अण्णांस गोदूचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. आईनेही निराळे पत्र धाडले आहे. आठवा लागण्याआधी मी तिकडे यावे, न्हाऊन ओलेत्याने देवघरात जावे, कमानीवर तांब्याभर पाणी घालून दोन्ही हातांनी देव्हारा धरावा, म्हणजे या खेपेला पोर हाती लागेल, असे लिहिते.

इकडून म्हणणे पडले की हा विजेच्या करंटाचा प्रकार दिसतो. मी विचारले, मग अण्णाला का लागत नाही? तेव्हा वर्तमानपत्र तोंडापुढे धरले.

अण्णा, गेल्या वर्षीचा पाळणा माळ्यावर तसाच आहे. मी त्याच्याकडे बघत नाही. कुणी उपाय सांगितला की धावते. लाज वाटते, पण धावते. तू शिकलेला आहेस. खरे काय ते लिही. तू ये म्हणालास तर येईन.

वहिनीस नमस्कार. थोरल्या भावाची माया आहे तशी राहो.

तुझी
गोदू


बसवनगुडी
ता. १८ ऑगस्ट १९५८

चि. सौ. गोदूस अनेक आशीर्वाद.

तू मला विचारतेस, मी कोणाला विचारू? काल संध्याकाळी जोड तपासला. चिंधी जागच्या जागी, कोरडी ठणठणीत. कमानीला हात लावला, काही नाही. तुझ्या कृष्णावहिनीला मात्र सकाळी स्वल्प झिणझिण्या आल्या. कचेरीतले उमाकांत म्हणतात की वायरमन बोलवा. पण परका माणूस, पारोसा, देवघरात कसा न्यायचा? आई ऐकायची नाही. देव मलाच तेवढा टाळतो की काय, असेही मनात येऊन जाते.

आबा गेल्यापासून आईचा चेहरा इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. तिला नाही म्हणवत नाही. तू ये. पुढच्या शनिवारी, तीस तारखेला नीघ. निदान माहेरपण तरी होईल.

आशीर्वाद आहेतच, लोभाचे सांगायला नको.

तुझा
अण्णा


बसवनगुडी
ता. २२ ऑगस्ट १९५८

चि. सौ. गोदूस आशीर्वाद. माझा हात अजून वळत नाही. मी सांगतो आहे, वहिनी लिहिते आहे.

देव्हाऱ्यात वीज उतरत होती. आता सारे काढून टाकले आहे, घाबरू नकोस.

काल पहाटे वाटले, गोदू करणार तसे आधी आपण करून पाहावे. पाट बाजूला सारला, ओलेत्याने फरशीवर उभा राहिलो, कमानीवर तांब्याभर पाणी ओतले आणि एक हात लावला. पलीकडच्या भिंतीवर जाऊन आदळलो. कृष्णाने मेन स्विच ओढला. रेशीम कोरडे असेतो वीज अडवते, भिजले की सोडते. आई धुवायची तेव्हा चिंधी भिजायची. मी कोरड्या मुकट्याने लाकडी पाटावर बसायचो, म्हणून मला कळले नाही. संध्याकाळपर्यंत चिंधी वाळूनही जायची. त्या जागी तू, पोटुशी, दोन्ही हातांनी... आणि ये म्हणून मीच लिहिले होते.

वायरमन आला, त्याला आईने स्वतः पाय धुवायला पाणी दिले. मग मी तिला सारे समजावले. तिने सरी, बरे आहे, एवढेच म्हटले. नंतर म्हणाली, की असेल बाबा वीज. पण मडीत मला कुणी शिवत नाही, आणि आबा गेल्यापासून माझी मडी सुटतच नाही. पहाटे तेवढे कुणी हात धरल्यासारखे वाटायचे. यावर तिला काय सांगावे? तुला सुचले तर लिही.

अभय दे, आणि माया राहू दे.

तुझा
अण्णा


विजापूर
ता. २७ ऑगस्ट १९५८

ती. अण्णांस सा. न. वि. वि.

पुन्हा वायरीला हात लावलास तर तुझी माझी बोलाचाल बंद. पैजेवर सांगते.

शनिवारी मी निघतेच आहे. आईला बजावून ठेव, मी येईन त्या दिवशी मडी घ्यायची नाही. गाडीतल्या पारोशा पातळानेच मी घरात शिरणार आणि तिचे दोन्ही हात धरून माझ्या पोटावर ठेवणार. पोर हल्ली फार लाथा मारते. आई नको नको म्हणेल, मागे सरेल, तरी मी हात सोडायची नाही.

वहिनीस नमस्कार. बाकी सारे भेटीत.

तुझी
गोदू