सात मिनिटं दहा सेकंद

३ मार्च, सकाळी ११.१०
स्क्रीनवरच्या नकाशातला शेवटचा लाल पट्टा हिरवा होत होता तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. मी वळून पाहिलं नाही. काम करताना माणूस तल्लीन दिसावा.

हिरवं म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्स आठ मिनिटांत पोचते. लाल म्हणजे नाही. नदीकाठचं जुनं केंद्र बंद करून गाडी पुलापलीकडच्या चौकात नेली, की सगळं शहर हिरवं. नदीकाठसुद्धा : सात मिनिटं दहा सेकंद. साहेब शाब्बास म्हणाले. निश्चय : नम्र राहायचं.

संध्याकाळी
बाबांना सांगितलं. ते नदीकाठी राहतात, जुनं केंद्र त्यांच्या दारासमोर. गेल्या वर्षी अटॅक आला तेव्हा समोरचीच गाडी आली होती. बाबा म्हणाले, समोरची गाडी लांब नेऊन जवळ कशी येते ते जरा सावकाश सांग. मी सरासरी वेग समजावला. ते नळाला पाणी आलं का बघायला गेले.

५ मार्च
मीटिंग. अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर नकाशाकडे बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, साहेब, इथे पुलावरून खाली कसं उतरायचं? म्हटलं, दोन रेघा मिळतात तिथे वळायचं. तो म्हणाला, रेघा मिळतात हो, पण पूल तीस फूट वर आहे. गाडीला शिडी देणार का? सगळे हसले. मोठे साहेबही.

नोंद : ड्रायव्हर लोकांना नकाशा वाचता येत नाही.

६ मार्च
सहज तपासलं. सॉफ्टवेअरमध्ये जिथे रेघेवरून रेघ जाते, तिथे आपोआप चौक धरला जातो. पुलाखालून नदीकाठचा रस्ता जातो. तिथेही धरलाय. किरकोळ. दुरुस्त केलं तर नदीकाठ लाल होतो. पण प्रस्ताव वर गेलाय, रंगीत प्रिंट निघालेत. दुरुस्ती दुसऱ्या टप्प्यात.

झोप नीट लागली नाही. चहा कमी केला पाहिजे.

१० मार्च
स्वतः गाडीत बसून चाचणी घेतली. नव्या चौकातून बाबांच्या दारापर्यंत. पूल ओलांडायचा, शेवटच्या टोकाला उतरायचं, बाजारातून मागे यायचं. बावीस मिनिटं.

शाळा सुटली होती : सहा वजा. हातगाडी आडवी आली : पाच वजा. ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवत होता : चार वजा. राहिली सात. सॉफ्टवेअर बरोबर निघालं.

घरी हिशोब सांगितला. बायको म्हणाली, अजून थोडं वजा कर, म्हणजे गाडी निघायच्या आधीच पोचेल.

१८ मार्च
जुन्या केंद्राला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. बाबा काठी टेकत बघायला आले. म्हणाले, आता दुखायच्या अर्धा तास आधी फोन करायचा ना? शेजारचा शिंपी दुकानातून ओरडला, काका, आधी अर्ज करा! हसायला काय झालं कळेना. निश्चय : बाबांना स्क्रीनवर सगळं दाखवायचं. डोळ्यांनी पाहिलं की पटतं.

२० मार्च, संध्याकाळी ६.३०. हॉस्पिटलचं बाकडं
अर्धी रजा टाकून दुपारी बाबांकडे गेलो. बायकोही होती. लॅपटॉप उघडला. बाबा बघत होते. मला वाटलं पटतंय. मग त्यांनी छातीवर हात ठेवला. चेहरा घामाने ओला.

३.०५ ला फोन केला. गाडीचा ठिपका स्क्रीनवर निघाला. ३.१२ ला आमच्या रस्त्याला टेकला. बायकोला म्हटलं, आली. ती रस्त्यावर धावली. रस्ता रिकामा. मी बाहेर गेलो. सायरन ऐकू येत होता, पण डोक्यावरून. वर पाहिलं. पुलाच्या कठड्यावरून निळा दिवा पुढे गेला.

बायको म्हणाली, तुझी गाडी गेली बघ.

शिंप्याने आणि तिने बाबांना खुर्चीसकट रस्त्यावर आणलं. मी लॅपटॉप धरून उभा होतो, तो कोणी तरी काढून घेतला. गाडी ३.२८ ला आली. ड्रायव्हर काहीतरी बोलेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. तो एवढंच म्हणाला, पायाकडून धरा.

डॉक्टर म्हणाले, वाचले. पण हृदयाचा थोडा भाग गेला. जिना चढायचा नाही, लांब चालायचं नाही. पंधरा मिनिटं आधी आणायला हवं होतं. मी ट्रॅफिकचं सांगायला लागलो. बायकोने हात दाबला. प्रेमाने नाही.

बाबा शुद्धीवर आहेत. मला आत बोलावलं. म्हणाले, तुझ्या त्या ठिपक्यात मी बसलो होतो का रे? मी नाही म्हटलं.

२१ मार्च, सकाळी ९.४०
पूल आणि खालचा रस्ता नकाशात सुटे केले. नदीकाठ लाल झाला. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, आधीचा चांगला दिसत होता. आणि केंद्र परत हलवायचं तर आदेश लागेल, महिना जाईल. आदेशाची वाट न बघता जुन्या केंद्राची किल्ली ड्रायव्हरला नेऊन दिली. त्याने गाडी नदीकाठी आणली, कुलूप काढलं, गाडी आत लावायला मागे घ्यायला लागला. मी मागे उभा राहून हात करत होतो. तो म्हणाला, साहेब, बाजूला व्हा. मी बाजूला झालो.