गळ्यापर्यंत भरलेल्या बाटल्या

३ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

खोकला 'बराच बरा' आहे असं लिहितेस, म्हणजे तो अजून आहे. औषध घे, मला फसवू नकोस.

इकडे तुझ्यामुळे घोळ झालाय. डार्करूममध्ये तू शिकवलंस ना, की फोटो उमटवणाऱ्या डेव्हलपरची बाटली गळ्यापर्यंत भरायची, वर हवा राहिली की तो नासतो? परवा प्रयोगशाळेत माझे हात त्याच सवयीने चालले. जिवाणूंच्या बाटल्या अर्ध्याच भरून हलवत ठेवायच्या असतात. मी त्या काठोकाठ भरल्या, वर कापसाचा बोळा लावला आणि एक लाल दिव्याखाली ठेवली, एक निळ्या.

हे जिवाणू मोठे हिशेबी आहेत. भरपूर हवा असली की आपल्यासारखे श्वास घेऊन जगतात आणि फिकट राहतात. हवा संपत आली की प्रकाशावर जगायची तयारी करतात, त्यासाठी लाल रंग बनवतात. तो रंग बनवणारी जनुकं आधीपासूनच अंगात असतात. हवा असेपर्यंत एक प्रथिन त्यांच्यावर ठाण मांडून बसतं, एवढंच. हा सगळा हवेचाच कारभार आहे, असं आमचे सर आयुष्यभर शिकवत आले. पण माझ्या दोन्ही बाटल्यांत हवा सारखीच कमी होती. तरी लाल दिव्याखालची लालभडक झाली आणि निळ्या दिव्याखालची फिकटच राहिली. म्हणजे उजेडाचंही तिथे चालतं!

सर म्हणाले, चुकीच्या बाटलीतून बरोबर उत्तर येत नसतं. निष्कर्ष मागे घेते असं लिहून दे, नाहीतर दुसरा मार्गदर्शक शोध. मी लिहून देणार नाही.

तुझी हट्टी,
छबी

१२ फेब्रुवारी

चि. छबीस,
अनेक आशीर्वाद.

खापर माझ्या माथी फोडून मोकळी झालीस, छान! पण ऐक. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. इतक्या वर्षांची मेहनत एका बाटलीपायी घालवू नकोस. दे लिहून. उद्या स्वतःची प्रयोगशाळा झाली की हव्या तशा बाटल्या भर.

एक मात्र विचारते. दोन्ही दिवे सारखेच तापत होते का? डार्करूममधला आमचा दिवा ट्रेच्या फार जवळ असला की डेव्हलपर कोमट होतो आणि फोटो भराभर उमटतात.

औषध घेते. दोनदा चुकलं, पण घेते.

तुझी,
आई

२ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

लिहून दे म्हणतेस आणि त्याच पत्रात असा प्रश्न विचारतेस! दिवे खरंच सारखे तापत नव्हते, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं याची लाज वाटली. मग दोन्ही बाटल्या पाण्याच्या एकाच टबात ठेवल्या. तरी पुन्हा तेच. नंतर भरपूर हवा दिली तर दोन्ही फिकट, आणि रबरी बूच मारून हवा पार तोडली तर दोन्ही लाल. उजेडाचं चालतं ते मधल्या, अपुऱ्या हवेत. अर्ध्या भरलेल्या बाटल्यांत ते कधी दिसणारच नव्हतं! आणि कारणही आहे. थोडी हवा आणि लख्ख उजेड एकत्र आले तर तो रंगच त्यांना जाळतो, म्हणून उजेड दिसला की ते रंग बनवणं आधीच थांबवतात. त्यांच्यातल्या उजेड ओळखणाऱ्या प्रथिनाचं तुझ्या फोटोच्या कागदासारखंच आहे. लाल दिवा त्याला कळत नाही, निळा लगेच कळतो.

सरांनी बाटल्या बघितल्या नाहीत. माझं टेबल दुसऱ्याला द्यायचं ठरवलंय. पुढच्या आठवड्यात माझं काम तपासणाऱ्या समितीपुढे जायचंय. माझी चूक मीच पहिल्या वाक्यात सांगणार, आणि निष्कर्ष शेवटच्या. हाकलली तर घरी येऊन तुझे फोटो वाळत घालीन.

छबी

७ मार्च

चि. छबीस,
अनेक आशीर्वाद.

ये की. दोऱ्या आहेत, चिमटे आहेत. पण लिहून देऊन येऊ नकोस. मागच्या पत्रात मी घाबरून लिहिलं होतं, ते विसर. फोटो काळा पडला तर मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगते, पण चांगला आलेला फोटो कुणाच्या सांगण्यावरून फाडलेला नाही. तूही फाडू नकोस.

तुझी,
आई

२५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

समितीसमोर सर म्हणाले की या मुलीच्या हातांवर माझा भरवसा नाही. मी म्हटलं, मग तुमच्या हातांनी भरा. समितीवर बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाईंना ते पटलं. आणि आई, सरांनी बाटल्या भरल्या त्या अर्ध्याच! इतक्या वर्षांची सवय. मी सगळ्यांदेखत त्यांना थांबवलं आणि अजून ओता म्हटलं.  त्यांनी ओतलं. मग बाटल्या दोन दिव्यांखाली कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि किल्लीही त्यांच्याच खिशात राहिली.

काल कपाट उघडलं. एक बाटली लाल, एक फिकट. सरांनी दोन्ही उचलून खिडकीच्या उजेडात धरल्या.  जाता जाता त्यांनी सांगितलं की उद्या नव्या बाटल्या लागतील, त्या मीच भराव्यात, माझ्याच जुन्या टेबलावर. मी मुद्दाम विचारलं, कुठपर्यंत भरू. त्यांनी दाराकडे तोंड करूनच सांगितलं, गळ्यापर्यंत.

औषध चुकवू नकोस. लोभ आहेच, तोही काठोकाठ असू दे.

तुझी,
छबी