चंदूचा व्हिएतनाम दौरा

महाड, गुरुवार

ती. काशीताईस, अरविंदचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि भावोजींचा खोकला या दोघांनाही आता उतार पडला असेल असे धरून चालतो. फोनच केला असता, पण तुझा फोन भावोजी उचलतात आणि स्पीकरवर टाकून अख्ख्या आळीला ऐकवतात. म्हणून हे पत्र.

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मंडळाचा नियम तुला ठाऊक आहे. सभासद परदेशी निघाला की शाल-नारळ, चौकात फ्लेक्स, आणि परतल्यावर सर्वांपुढे प्रवासवर्णन. (दीपक नेपाळला गेला तेव्हा तो परदेश धरावा का, यावर दोन सभा झाल्या.) या खेपेस चंदू व्हिएतनामला निघाला. एमआयडीसीतून निवृत्त झाल्यापासून त्याला कोणी काही विचारत नसे, त्यामुळे हार गळ्यात पडताच तो गहिवरला. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या विमानतळावर कळले की पासपोर्टची मुदत संपत आली आहे आणि असा पासपोर्ट चालत नाही.

आता परतायचे कोणत्या तोंडाने? महाडच्या चौकात तो स्वतःच विमानाशेजारी हात जोडून उभा होता. तेव्हा गडी (भर वैशाखात) मफलर गुंडाळून एसटीने आपल्याच फ्लेक्ससमोरून पुढे गेला, तो थेट पोलादपूरला, धाकट्या बहिणीकडे, तुळजाबाईकडे. निभावलेही असते. पण मंडळाने नेमकी कशेडीचा बोगदा पाहायची सहल काढली. (आमच्या वयाला हेच शोभते.) पोलादपुरात बस चहाला थांबली, आणि समोरून चंदू गिरणीतून पिठाचा डबा खांद्यावर घेऊन आला.

चंदूच्या तोंडचे पाणी पळाले. आमचे अध्यक्ष मालोजीराव खाली उतरले, चष्मा पुसला आणि परक्याला विचारावे तसे म्हणाले, "काय पाहुणे, बोगद्याला हाच रस्ता का?" चंदूने मान हलवली. एवढ्यात मागून तुळजाबाई ओरडली, "अरे दादा, तुझीच म्हाडची माणसं नाय का ही? च्या तरी पाज त्यांना!" मालोजीरावांनी तिला हात जोडले. "बाई, आमचा चंदू व्हिएतनामला आहे. आम्हीच निरोप दिलाय त्याला." आणि चहा न घेताच बस सुटली.

प्रवासवर्णनाला चंदू येतो की मंडळच सोडतो, याची सगळ्यांना धाकधूक होती. तो आला. थोडा वेळ भातशेतीवर बोलला, मग थांबला आणि म्हणाला, तिथे मला एक बहीण भेटली. एरवी भाऊबीजेला ओवाळून घ्यायचो आणि संध्याकाळची गाडी धरायचो. या खेपेस राहिलो. रोज माझ्याआधी उठून आंघोळीचे पाणी तापवायची. निघताना म्हणाली, पुढल्या वर्षीपण तुझं विमान चुकू दे. ताई, मला अगदी भरून आले. मालोजीरावांनी आभार मानताना व्हिएतनामी आदरातिथ्याचा खास उल्लेख केला.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अरविंद

ता.क. माझा बालीचा निरोप समारंभ येत्या रविवारी आहे. पासपोर्ट उत्तम आहे, काळजी नसावी.

पुन्हा ता.क. बालीचे मी काल रद्द केले. मंडळाला सांगितलेले नाही. सोमवारी तुझ्याकडे, नाते गावी येतो, आठ-दहा दिवस राहीन म्हणतो. महाडहून एवढे जवळ, तरी याआधी तुझ्याकडे मुक्कामाला कधी राहिलो ते आठवून पाहिले. आठवेना. तू खरे सांगशील, म्हणून विचारत नाही.