न मागवलेलं सामान

चि. स्क्रू यास,

तुझ्या भावोजींचे पोटभर आशीर्वाद. आशीर्वाद खरे आहेत. राग पुढे येतोय, तो सावकाश वाच. तुझा खोकला गेला का? तुझ्या बायकोचा मुरगळलेला पाय आता कसा आहे? धाकटीला दात आले असतील तर सध्या ती कुणाला चावते तेही कळव. माझा गुडघा बरा आहे. रक्तदाब सोमवारपर्यंत बरा होता. पत्र हातानं लिहिलेलं बघून भावोजींना जुन्या काळाची ओढ लागली वगैरे समजू नकोस. कॉम्प्युटर बसलाय, म्हणून हातानं लिहितोय. फोन केला असता, पण फोनवर तू आधी हसतोस आणि मग ऐकतोस. पत्र वाचताना हसलास तरी मला ऐकू येत नाही, एवढा पत्राचा फायदा आहे. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आज संध्याकाळी तुमच्याच बाजूला जाणार आहेत, त्यांच्या हाती हे पाठवतोय. त्यांच्यासमोर उघडू नकोस.

तुला आठवत असेल, मी निवृत्त झालो त्या आठवड्यात तू आला होतास. बाकीच्यांनी पेनं दिली, तू ऑपरेटिंग सिस्टीम दिलीस. आमचा चांगला चालता (म्हणजे हळू, पण चालता) कॉम्प्युटर पुसून त्यात लिनक्स घातलंस आणि चहावर चहा पीत मला ऐकवलंस, की हिला कुणी मालक नाही, जगभरातली हजारो माणसं ही हौसेनं बनवतात, आतलं सगळं उघडं आहे, कुणीही बघावं, कुणीही बदलावं. मी तेव्हाच मनात म्हटलं, मालक नाही, पावती नाही आणि दार सताड उघडं, अशा गोदामाचं काय होतं ते मला विचार. उभी हयात बसगाड्यांच्या सुट्या भागांचं भांडार सांभाळलंय मी. पण तू पाहुणा, त्यातून बायकोचा भाऊ. मी मान डोलावली. आणि जाताना दारात बूट चढवता चढवता तू काय म्हणालास? सगळं नीट लावून दिलंय भावोजी, आता कशालाही हात लावू नका. अरे, सकाळी उठून ज्याला कुठे जायचं नाही अशा माणसाला तू एक यंत्र देतोस, वर त्याचा सर्वाधिकाराचा पासवर्ड देतोस, आणि म्हणतोस हात लावू नका! आता चूक कुणाची ते तूच ठरव. (लहानपणी भिंतीवरचं घड्याळ उघडून तू परत जोडलंस आणि एक स्क्रू उरला, म्हणून तुला हे नाव पडलं. तेव्हा तुला कुणी म्हणालं होतं का, हात लावू नको म्हणून? म्हणालं असेल. मग? लावलासच ना?)

कॉम्प्युटर एक आणि माणसं दोन, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी तुझी ताई त्यावर तिच्या त्या अळंब्यांच्या जाडजूड पुस्तकाचा अनुवाद करायची. (विषारी अळंब्यांच्या प्रकरणात असताना ती अधूनमधून माझ्याकडे विचारपूर्वक बघायची. मी ते मनावर घेतलं नाही.) दोन वर्षांची तिची मेहनत आहे ती. प्रकाशकानं तिच्यामागे तगादा लावलाय, आणि या महिनाअखेरीला हस्तलिखित त्याच्या टेबलावर गेलं नाही तर तो हे काम दुसऱ्या कुणाला देणार आहे, हे तुलाही ठाऊक आहे. दुपारी माझी पाळी. मी पहिले काही दिवस नुसते पत्ते खेळलो. मग एका दुपारी मेनूत हिंडता हिंडता मला आतल्या सगळ्या सामानाची यादी सापडली, आणि स्क्रू, माझ्या अंगावर काटा आला. हजारोंनी नग! एकाचंही नाव ओळखीचं नाही. कशाला आलंय, कुणी आणलंय, काही पत्ता नाही. आमच्या भांडारात एक नियम होता, आणि तो मीच घातला होता. फळीवरच्या प्रत्येक वस्तूला 'ही मी मागवली' म्हणणारा माणूस पाहिजे. धनी नसेल तर वस्तू बाहेर. या नियमानं मी गोदामाचे तीन कोपरे मोकळे केले होते. (एकदा एका गाडीचे ब्रेकही बाहेर गेले होते, पण ती गाडी उभीच होती.)

तेव्हा मी रीतसर चौकशी सुरू केली. तुझी ताई स्वयंपाकघरात असो की अळंब्यांत, मी दारात उभा राहून विचारायचो, ब्लूटूथ तू मागवलंस का? ती मान वर न करता म्हणायची, नाही. प्रिंटरची सोय? नाही. (आपल्याकडे प्रिंटरच नाही.) ज्या लिप्या आपल्या घराण्यात कुणी वाचल्या नाहीत त्यांचे फॉन्ट? नाही, आणि आता जा. झालं, धनी नाही हे सिद्ध झालं. बुद्धिबळ गेलं, हवामान गेलं, पडद्यावरचं वाचून दाखवणारी बाई गेली (घरात एक पुरे). तिच्यामागोमाग कॉम्प्युटरचा आवाजच गेला. तो तिच्याशी कुठे बांधलेला होता कोण जाणे. पण डिस्कवर जागा मोकळी होताना बघून किती दिवसांनी मला बरं वाटलं म्हणून सांगू! त्या रात्री मी दोन घास जास्त जेवलो. आपण अजून कुणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटलं. आता हसू नकोस.

सोमवारी सकाळी तुझी ताई तुमच्या मावशीकडे गेली. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रविवारपर्यंत तिथेच राहीन म्हणाली. तिची टॅक्सी कोपऱ्यावरून वळली आणि मी आत येऊन कामाला बसलो. त्या दिवशी यादीत 'पायथन' नावाचा एक नग सापडला. म्हणजे अजगर! मी म्हटलं, आपल्या घरात अजगर कुणी मागवला? मी नाही. तुझ्या ताईला फोन केला, ती म्हणाली मावशीच्या डोळ्यात औषध घालतेय, नंतर बोल. हेही उत्तर नकारार्थीच धरायचं असतं. मी काढायची आज्ञा दिली, आणि यंत्र बिथरलं. सोबत आणखी काय काय जाईल त्याची पानभर यादी दाखवून म्हणालं, तू काहीतरी भयंकर करायला निघालायस. नुसतं हो म्हणून भागणार नाही. खरंच करायचं असेल तर पूर्ण वाक्य टाईप करून दाखव, 'होय, मी सांगतो तसंच कर!'

स्क्रू, मी खुर्चीत ताठ झालो. उद्गारचिन्हासकट मागत होतं रे ते! भांडारात मी सह्या केल्या, शेरे मारले, पण हे वाक्य म्हणायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. वर साहेब होते, खाली युनियन होती, घरी तुझी ताई आहे. एक मांजर पाळलं होतं, तेही ऐकायचं नाही. आणि इथे एक यंत्र हात जोडून म्हणतंय, मालक, एकदा तसं म्हणा, की मी लागलोच कामाला. मी चष्मा पुसला. शर्टाची कॉलर सारखी केली. आणि एकेक अक्षर चवीनं दाबत म्हणालो.

त्यानं अगदी तसंच केलं. इतका आज्ञाधारकपणा मी जन्मात पाहिला नाही. अर्धी सिस्टीम त्या अजगराच्या अंगावर उभी होती हे मला काय स्वप्न पडलं होतं? ओळींवर ओळी पळाल्या, डोंगराचं चित्र गेलं, खालची पट्टी गेली, माऊसचा बाण गेला, इंटरनेट गेलं. शेवटी काळा पडदा उरला, आणि कोपऱ्यात एक रेघ उघडझाप करत उभी. तुझ्या ताईच्या अळंब्या त्या काळोखात कुठेतरी. (अळंब्यांना काळोख मानवतो असं तिनंच एकदा सांगितलं होतं. त्या आधारावर मंगळवार काढला.)

मग मदत शोधायला मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पेशंट आत असला की बाहेरच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर त्या मला वापरू देतात. (आतून ड्रिलचा आवाज, बाहेर मी. वेदना दोन्हीकडे सारखीच.) तू सांगितलेल्या त्या चर्चेच्या पानावर मी माझी तक्रार सविस्तर मांडली. पहिल्यानं उत्तर दिलं, आधी माहितीपुस्तक वाचा. दुसरा म्हणाला, तुम्ही ही आवृत्ती घेतलीतच कशाला, आमची घ्यायची. त्यावर तिसरा चवताळला, आणि ते दोघे असे काही जुंपले की एकमेकांची अक्कल निघाली, शेवटी माझ्या अळंब्या कुणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत. मी मध्ये पडून दोघांनाही खडसावलं, तर दोघे मिळून माझ्यावर आले! गुरुवारपर्यंत मी तिथे भांडत होतो. वेटिंग रूममधले पेशंट दाढ विसरून माझ्या मागे उभे राहून वाचायचे. फार वर्षांनी इतकं तब्येतीत भांडलो.

त्यात 'कासव' नावाचा एक भला माणूस भेटला. तो म्हणाला, आजोबा, घाबरू नका, (आजोबा कुणाला म्हणतो?) तुमच्या फाइली बहुधा जिवंत आहेत, नुसती दुकानाची दर्शनी बाजू कोसळलीय. रिकाम्या पेनड्राइव्हवर सिस्टीम उतरवून घ्या आणि त्यावरून यंत्र चालू करा. रिकामा पेनड्राइव्ह कुठून आणायचा? तुझ्या ताईच्या खणात एक होता. त्यावर ना चिठ्ठी, ना नाव. म्हणजे धनी नाही. मी तो पुसून वापरला. घरी येऊन लावला, आणि तो सुरू झाल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की तुझ्या ताईनं तिच्या कामाची दुसरी प्रत कुठे ठेवली असेल, तर ती याच पेनड्राइव्हवर.

तर आता परिस्थिती अशी आहे. यंत्र एका प्रश्नावर उभं आहे. विचारतंय, सगळी डिस्क पुसून नव्यानं सुरुवात करू का, की वेगळं काही करायचंय? 'वेगळं काही' वर टिचकी मारली की असे तक्ते येतात की मी लगेच मागे फिरतो. कासवाला विचारावं तर तो कालपासून गप्प आहे, कासवच ते. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोट हवेत थांबलंय, स्क्रू. दोन वर्षं ती बाई पाठ दुखेस्तोवर त्या खुर्चीत बसत होती रे. ती रागावली तर मी ऐकून घेईन, त्याची सवय आहे. ती काहीच बोलली नाही तर मी काय करू? मी पडद्यावर टॉवेल टाकून ठेवलाय आणि दर तासाला तो उचलून बघतो. प्रश्न तिथेच आहे.

बाकी सर्व कुशल. तुझ्या बायकोला सांग, पाय शेकत राहा.

तुझा,
(हात लावलेला) भावोजी

ता. क. मी हे सगळं केवळ माहितीसाठी लिहिलंय. पण तुला शनिवारी सवड असेल तर सहज ये. ताई यायच्या आत ये. सहज आलो म्हण. आणि तुझ्याकडे जे जे पेनड्राइव्ह असतील ते सगळे आण.

आणखी एक ता. क. यायला जमत नसेल तर निदान प्रकाशकाला माझ्या वतीनं कळव, की अळंब्या या विषयाला आता मागणी राहिलेली नाही.

शेवटचा ता. क. तू आलास तरी नुसता बाजूला बसून सांग. कळा मी दाबणार.

*

स्क्रू, हे अक्षर माझं, ताईचं. मी दोन दिवस आधीच आले. मावशी ठणठणीत आहे, तिनंच मला हाकललं. हे खुर्चीत चष्म्यासकट झोपलेत, पोटावर ते माहितीपुस्तक आहे (खरंच वाचायला घेतलंय!), आणि पाकीट उघडंच टेबलावर होतं. डॉक्टरीणबाई मला रोज फोन करून हालहवाल सांगत होत्या, त्यामुळे मला नवं काही कळलं नाही. अजगर सोडून.

अळंब्यांचं प्रत्येक प्रकरण झालं की मी तुला लगेच ईमेलनं पाठवत आले, ते कशासाठी ते आता तुला कळलं असेल. ह्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात धनी नाही म्हणून माझी पेटी रिकामी केली होती, तेव्हापासून मी शहाणी झाले. पुस्तक प्रकाशकाला मी मावशीकडूनच धाडून दिलं. आणि तो पेनड्राइव्ह! त्यात ह्यांच्या निरोप समारंभाचं चित्रण होतं. साहेबांचं पाऊण तासाचं भाषण. गेलं ते बरंच झालं. हे नोकरी सुटल्यावर रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसायचे रे, बस दिसली की तिचा नंबर वाचायचे. माझ्यानं ते बघवत नव्हतं, म्हणून मी अळंब्यांत डोकं खुपसून बसायची. आणि या आठवड्यात माणूस सकाळी अंघोळ करून भांडायला जातो, फोनवर माझ्यावर खेकसतो. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

तेव्हा नीट ऐक. यांना यातलं काही सांगायचं नाही. मी आता मावशीकडे परत जाते आणि रविवारीच येते. तू शनिवारी ये. यांना सगळ्या कळा दाबू दे, आणि मोठ्या मिनतवारीनं प्रकरणं सापडली असं दाखव. मग जायच्या आधी, हे चहा ठेवायला आत गेले की, नेहमीसारखा एखादा स्क्रू उरवून जा. आवाज बिघडव, इंटरनेट बिघडव, काहीही कर, पण निदान सहा महिने पुरलं पाहिजे. असं कशाला, हे बरोबर आहे का, असले प्रश्न मला विचारू नकोस.

होय, मी सांगते तसंच कर!